अडॅप्टर शून्य

परभणीत जिंतूर रोडला, पंक्चरच्या दुकानामागं
आमची खोली. भिंतीला टेकून तीन वाकड्या छत्र्या,
आणि खुर्चीत खाजामियाँ,
ज्यांनी मला सोल्डरचा धूर कुठल्या बाजूनं फुंकायचा
इथपासून शिकवलं.

आज एक कार्ड आलंय
हिंगोलीच्या भंगारातून, वजनावर घेतलेलं.
चिपवरचं नाव कुणीतरी घासून टाकलंय.
कसली लाज होती, त्यालाच ठाऊक.

मी ते बसवते. प्रोग्राम आधी दार वाजवतो:
अडॅप्टर शून्य, आहेस का?
आहे.
मग चौकशी, पाहुण्याला ओसरीवर बसवून करावी तशी.
कुठपासून ऐकतोस?
नऊशे पन्नासपासून.
कुठवर?
एकवीसशे पन्नास.
सिग्नल उलटा आला तर सुलटा करून घेतोस,
की दुसऱ्या कुणी सांगावं लागतं?
घेतो.
अजून तारही जोडलेली नाही.
आकाशातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.
ही सगळी तोंडी परीक्षा.

जुना प्रोग्राम एवढं विचारायचा नाही.
त्याच्याकडं एकच रकाना होता: जात.
छत्रीचा, केबलचा, का गच्चीवरच्या काड्यांचा?
एक लिही.
दोन्ही येणारी कार्डं एक लिहायची
आणि दुसरं आयुष्यभर गिळून बसायची.
त्या रकान्याची माझी जुनी ओळख आहे.
असो.

नवा विचारतो: काय काय येतं? सगळं सांग.
आणि पडद्यावर ओळी उतरतात.
छत्रीची जुनी रीत.
छत्रीची नवी रीत.
केबलसुद्धा!
मी मोठ्यानं वाचून दाखवते.
खाजामियाँ हसतात, "कागद पे हम बी नवाब है, अमरपाली.
तार लगाके देख."
(आम्रपाली म्हणायला त्यांना कधी जमलं नाही.
मीही कधी दुरुस्त केलं नाही.)

गेल्या मंगळवारी त्यांना सिव्हिलला नेलं होतं.
काचेची खोली, कानांवर डबडी,
आवाज आला की बोट वर करायचं.
काचेपलीकडं एक पोरगी बटण दाबायची,
आणि हे तिच्या मनगटाकडं बघायचे.
मनगट हललं की बोट वर.
रिपोर्ट आला: वयाच्या मानानं उत्तम.

या माणसाला एकेकाळी
रस्त्यावरून जाताना कळायचं
कुणाच्या घरात टीव्ही चालू आहे.
आवाज बंद असला तरी.
जुन्या डब्यांच्या पोटात एक बारीक शिट्टी असायची,
सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस वेळा थरथरणारी.
ती ऐकून ते सांगायचे, "गायकवाडांचा ट्रान्सफॉर्मर चाललाय,
आठ दिवसांत येतील बघ."
यायचे.
सरकारी यंत्र आठ हजारापुढं विचारतच नाही.
त्यामुळं जे गेलं
ते गेलं म्हणून लिहायलाही जागा नव्हती.

तार लावते. छत्री दोन बोटं पश्चिमेला.
जुनी रीत: लागली.
नवी रीत: थांब. थांब. थांब.
पुन्हा.
लागत नाही. कार्डानं होकार दिला होता,
चढ्या आवाजात, यादीत दुसऱ्या नंबरावर.
केबल तर मी विचारलीच नाही.

अशांसाठी एक फाइल असते.
तिच्यात लिहिते: या कार्डाचं दुसरं म्हणणं मानू नये.
पुढच्या वेळी प्रोग्राम त्याला विचारणार नाही,
माझ्या ओळीवर विश्वास ठेवेल.
एवढं सोपं आहे ते. एक ओळ.

बाहेर हवेचा कॉम्प्रेसर सुरू होतो, खोली भरून जाते.
मी म्हणते, "चहा सांगू का?"
खाजामियाँ माझ्या ओठांकडं बघतात,
मग हाताकडं.
"लगा ना?" विचारतात. "नवीवाली?"

पडद्यावर जुन्या रीतीनं कुणीतरी
तुरीच्या भावाबद्दल बोलतंय.

मी बोट वर करते.